श्रावणातला उपास, ऑटोफॅजी आणि मेंदूतली गाठ: बंद पाडायची की नाही?

फोंड्याची_पोर: श्रावण लागला, सगळे शिवराक (शाकाहारी) झाले आणि फॅमिली ग्रुपवर सुरू, उपास करा, ऑटोफॅजी होते, कॅन्सर स्वतःलाच खातो, 2016 चं नोबेल आहे म्हणे. अरे जपानी शास्त्रज्ञ ओसुमींना नोबेल मिळालं ते यीस्टमधली ही यंत्रणा उलगडली म्हणून! पेशी आपला कचरा पिशवीत बांधते, लायसोझोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीत, विरघळवते, परत वापरते. ग्लायोब्लास्टोमात, म्हणजे मेंदूच्या कॅन्सरच्या गाठीत, ऑक्सिजनची मारामार, तिथं गाठच या युक्तीवर तग धरते. वर पँक्रियाच्या (स्वादुपिंडाच्या) कॅन्सरमध्ये तर दिसलंय की एमएचसी-वन, म्हणजे टी-सेलला (कॅन्सर मारणाऱ्या प्रतिकारपेशीला) दाखवायची ओळखपाटीच, ऑटोफॅजी गिळून टाकते. माझं मत सरळ आहे, ऑटोफॅजी बंद पाडा.

म्हापशेकार: ताई, पँक्रियाचं मेंदूला कशाला चिकटवता? आणि बंद पाडणार कशानं? ऑटोफॅजी अडवणारं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, मलेरियाचं औषध, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या केमोबरोबर देऊन झालं, दिवसाला 600 मिलिग्रॅमच्या वर सोसेना, आयुष्य काय वाढलं नाही. गोळी गाठीपुरती थांबत नाही हो, टी-सेलना टिकायला पण हीच ऑटोफॅजी लागते.

फोंड्याची_पोर: टी-रेग्सना पण लागते की! म्हणजे ते टी-सेल, जे बाकीच्यांना गप्प बसवतात. आणि त्या गाठीत मायक्रोग्लिया, मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी केवढ्या, कधीकधी निम्म्यापर्यंत, त्याच गाठीची पाठराखण करतात. त्यांना का सोडायचं?

म्हापशेकार: सोडा म्हणत नाही, वेळ बघा म्हणतो. केमोनं मरताना गाठीची पेशी एटीपी (पेशीचं ऊर्जेचं रसायन) बाहेर टाकते, ती प्रतिकारशक्तीला मारलेली हाळी. उंदरांत 2011 ला दाखवलंय, ऑटोफॅजी नसेल तर हाळी नीट जातच नाही. म्हणजे नेमकं केमोच्या वेळी बंद पाडलं तर आपल्याच पायावर धोंडा.

बांबोळीच्या_फेऱ्या: तुमचं चालू द्या, पण डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचं कोणीच बोलत नाही. मामाचं मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, सुजेसाठी ते चालूच, आणि त्यानं टी-सेल आधीच दबलेले. त्यात एका पाहुण्यानं ग्रुपवरचं वाचून त्याला दोन दिवस आडसराच्या (शहाळ्याच्या) पाण्यावर ठेवलं. रिकाम्या पोटी स्टिरॉइड, पोट जळून रात्रभर बसून काढली. पोदेर (पाववाला) आला तसा मामा उंडा (गोल पाव) चहात बुडवून खायला लागला, एक नाही, तीन.

फोंड्याची_पोर: मामांना म्हणावं चौथा पण खा. उपासाचं खूळ मला पण मान्य नाही. पण औषध नेमकं गाठीतच पोचवता आलं तर?

म्हापशेकार: तर विचारीन, गाठीच्या पेशीत पोचलं की शेजारच्या टी-सेलमध्ये.