पैसे दुबईत अडकले, नोटीस अक्कलकोट रोडला आली. दोष कायद्याचा की आमचा?

टॉवेलवाला_एमआयडीसी

फेब्रुवारी 2024 मध्ये सोलापुरात अक्कलकोट रोडला असलेल्या आमच्या कारखान्यातून एक वीस फुटी कंटेनर न्हावाशेवामार्गे दुबईला गेला. आठ टन टेरी टॉवेल, 44,000 डॉलरचं बिल, 20 टक्के ॲडव्हान्स, बाकी 60 दिवसांच्या डीएवर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. डीएमध्ये गिऱ्हाईक बँकेत हुंडी स्वीकारतं, कागद घेतं, माल सोडवतं आणि पैसे मुदत भरल्यावर देतं.

त्यानं हुंडी स्वीकारली, माल सोडवला. मुदत भरायला चार दिवस असताना व्हॉट्सॲपवर फोटो आला. काट्यावर टॉवेलचा तुकडा आणि खाली एक ओळ: 500 जीएसएम ठरलं होतं, 455 भरतंय. जीएसएम म्हणजे चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. मी फोटो मोठा करून बघितला. आमच्या डॉबीत (मागावर नक्षी पाडणारं यंत्र) बॉर्डरला पाच पट्ट्या पडतात, त्या तुकड्यावर तीन होत्या. तो टॉवेल आमचा नव्हताच. तसं कळवलं, उलट टपाली आमच्या टॉवेलचे फोटो पाठवले. त्यानंतर उत्तर नाही.

माझे 35,200 डॉलर गेले. कामगारांचा पगार आम्ही आठवड्याला देतो, तो मी घरातलं सोनं ठेवून दिला. हे एक वेळ सोसलं. पण त्या वेळच्या नियमानं निर्यातीचे पैसे नऊ महिन्यांत देशात यायला हवे होते. नोव्हेंबरात बँकेचं पत्र: रक्कम का आली नाही, खुलासा करा. मग कस्टम्सची नोटीस: न आलेल्या रकमेच्या प्रमाणात ड्रॉबॅक, म्हणजे निर्यातीवर सरकारनं परत दिलेली जकात, व्याजासकट परत भरा. फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, कलम 13 खाली तिप्पट दंड होऊ शकतो, हे ऐकून आई दोन रात्री झोपली नाही.

चोरी माझ्या घरी झाली आणि जबाब मीच देतोय. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर 2025 मध्ये 10 लाखांपर्यंतच्या शिपिंग बिलांची (कस्टम्सकडचा निर्यातीचा कागद) नोंद निर्यातदाराच्या जाहीरपत्रावर बंद करायची सवलत दिली, नोव्हेंबरात नऊ महिन्यांचे पंधरा महिने केले. चांगलं झालं. पण एक कंटेनर 10 लाखांत बसत नाही. माझं म्हणणं एवढंच: ही मर्यादा एका कंटेनरइतकी, म्हणजे 40 लाखांपर्यंत न्या, आणि वाद चालू असेपर्यंत ड्रॉबॅक मागू नका. पटत नसेल तर का ते सांगा.

सीए_नवीपेठ

अण्णा, तुमचं नुकसान खरं आहे. मागणी मात्र मला मान्य नाही.

फेमाचं कलम 8 निर्यातदाराला धरतं, कारण रिझर्व्ह बँकेचा हात दुबईतल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही, तुमच्यापर्यंत पोचतो. दुसरं काय करणार? निर्यात दाखवायची, किंमत फुगवायची, ड्रॉबॅक उचलायचा आणि डॉलर बाहेरच ठेवायचे, हा धंदा जुना आहे. आयातीच्या बाजूनंही हेच चालतं. 2015 मध्ये दिल्लीतल्या एका सरकारी बँकेच्या शाखेतून सुमारे 6,000 कोटी आयातीचा ॲडव्हान्स म्हणून हाँगकाँगला गेल्याचं उघडकीस आलं. रकमा लहान लहान तुकड्यांत पाठवल्या होत्या, तपासणीच्या मर्यादेत बसाव्यात म्हणून. तुम्ही मर्यादा 40 लाख करा, उद्यापासून प्रत्येक लबाड माणूस 39 लाखांचा कंटेनर पाठवेल आणि 'गिऱ्हाईक बुडालं' म्हणून जाहीरपत्र देईल.

आणि वाटा आहेत की. आदल्या कॅलेंडर वर्षात वसूल झालेल्या निर्यातीच्या 5 टक्क्यांपर्यंत रक्कम तुम्ही स्वतः राइट-ऑफ करू शकता, म्हणजे बुडीत म्हणून लिहून टाकू शकता. त्यापुढे बँकेकडून करून घेता येतं. ड्रॉबॅकच्या नियमातही सोय आहे: ईसीजीसीचा, म्हणजे निर्यात विम्याच्या सरकारी कंपनीचा, क्लेम मिळाला असेल आणि पैसे येत नाहीत असं तिथल्या भारतीय वकिलातीनं प्रमाणित केलं, तर राइट-ऑफ झाल्यावर ड्रॉबॅक परत घेत नाहीत. ईसीजीसीची पॉलिसी घेतली होती का?

टॉवेलवाला_एमआयडीसी

नव्हती घेतली. दोन वर्षं त्याचे पैसे वेळेवर येत होते, म्हणून प्रीमियम वाचवला. माझी चूक आहे, मान्य करतो. पण साहेब, 5 टक्क्यांचं गणित मांडून बघा. तीन कोटी वसूल झाले तर 15 लाख. मोठ्या कारखान्याला एक कंटेनर त्यात मावतो, मला मावत नाही. आणि प्रामाणिक माणसानं स्वतःला निर्दोष ठरवायला दोन वर्षं कागद फिरवायचे, ही शिक्षाच आहे.

निवृत्त_बँकवाला

मी निर्यात विभागात काम केलंय. दोन गोष्टींची गल्लत होतेय, तेवढी दूर करतो, म्हणजे आईंनाही झोप लागेल.

फेमा दिवाणी स्वरूपाचा कायदा आहे. पैसे आले नाहीत एवढ्यावर अटक होत नाही. पीएमएलएच्या, म्हणजे मनी लॉन्डरिंगविरोधी कायद्याच्या, गुन्ह्यांच्या यादीत फेमा नाही. मात्र बिलंच खोटी निघाली तर कस्टम्स कायद्याचं कलम 135 लागतं, ते त्या यादीत आहे, आणि मग ईडी पीएमएलएच्या कलम 5 खाली मालमत्ता 180 दिवसांपर्यंत तात्पुरती जप्त करू शकते. तुमचं बिल खरं आहे, माल खरा आहे. त्यामुळे भिऊ नका, पण गप्पही बसू नका. मी बघितलेले अर्धे निर्यातदार बँकेच्या पत्राला उत्तरच देत नसत. मुदतवाढ मागता येते, बँक एका वेळी सहा महिने देऊ शकते. गिऱ्हाइकाला पाठवलेला प्रत्येक मेल, तो बॉर्डरचा फोटो, सगळं अर्जाला जोडा. वसुलीसाठी धडपड केली हे कागदावर दिसलं पाहिजे. तुमच्या बाजूनं पुरावा म्हणून तेच उभं राहतं.

चाटीगल्ली

कायद्याचं राहू द्या वो. डीएवर माल सोडला तिथंच सगळं संपलं. आमच्या वडिलांचा नियम होता, एलसी, म्हणजे पैशाची बँकेची हमी, नाही तर गाठोडं हलणार नाही. इथं प्रत्येक जण ऑर्डर हातची जाईल म्हणून उधारीवर माल देतो, आणि पैसे बुडाले की सरकारकडं बोट. शिस्त आपल्या बाजारातच नाही.

टॉवेलवाला_एमआयडीसी

मालक, एलसी मागितली की गिऱ्हाईक कराचीकडं वळतं, तिथं त्याला उधारी मिळते. वडिलांच्या काळी सोलापूरचं नाव पुरत होतं. आज जीआय (भौगोलिक ओळखीची सरकारी नोंद) असलेला टॉवेल असूनही भाव डॉलरमागे चार सेंटांच्या फरकावर अडतो. यंत्रं बंद ठेवून शिस्त पाळायची का?

वकील_जिल्हान्यायालय

दोन्ही बाजू सरकारवर भांडताहेत. 35,200 डॉलर कुठे आहेत, ते कुणी विचारत नाही. वसुली मालमत्तेच्या मागे जाते, आणि ही मालमत्ता दुबईत आहे.

मल्ल्याचं उदाहरण सगळे देतात. डिसेंबर 2024 मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की त्याच्या मालमत्तेतून 14,131.60 कोटी सरकारी बँकांना परत मिळाले. माणूस लंडनमध्ये आहे, तरी पैसे आले, कारण शेअर आणि मालमत्ता इथं होती. उलटं उदाहरण केर्न या ब्रिटिश तेल कंपनीचं. भारत सरकारविरुद्ध कराच्या वादात डिसेंबर 2020 मध्ये सुमारे 1.2 अब्ज डॉलरचा लवादाचा निवाडा त्यांनी मिळवला आणि तो घेऊन ते पॅरिसला गेले, जिथे भारताची घरं होती. जुलै 2021 मध्ये तिथल्या न्यायालयाच्या आदेशावर वीसेक मालमत्ता गोठल्या, आणि ऑगस्टमध्ये आपण पूर्वलक्षी कराचा कायदाच मागे घेतला.

म्हणून सोलापुरात दावा लावून हुकूमनामा घेतला तरी तो दुबईत बजावून घ्यावा लागेल. भारत आणि यूएईमध्ये 1999 चा करार आहे, त्याखाली वाट आहे, पण लांबची. करारात लवादाचं कलम असतं तर सोपं होतं. 1958 च्या न्यूयॉर्क कराराखालचा निवाडा यूएईमध्ये चालतो, ते 2006 मध्ये त्यात आले. फक्त समोरून सही करणाऱ्याला लवाद मान्य करायचा अधिकार आहे का, ते बघून घ्यायचं. तुमच्या प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर असं काही आहे का?

टॉवेलवाला_एमआयडीसी

'सब्जेक्ट टू सोलापूर ज्युरिस्डिक्शन', एवढंच छापलेलं आहे. वडिलांच्या वेळेपासून तेच.

चाटीगल्ली

आणि लवादाचा खर्च? सिंगापूर नाहीतर दुबईचा लवाद, तिथला वकील, भाषांतर. तीस-पस्तीस हजार डॉलरसाठी त्यातले निम्मे आधी घालायचे. वकीलसाहेब, ही औषधं श्रीमंताच्या दुखण्याची आहेत.

दुबईकर_मूळसोलापूर

मी दुबईच्या देरा भागात 14 वर्षं कापडाच्या व्यापारात आहे. लवादाच्या आधी एक साधी गोष्ट: इथल्या गिऱ्हाइकाकडून पुढच्या तारखेचा चेक घ्या. 2022 च्या जानेवारीपासून चेक परत जाणं हा बहुतेक वेळा फौजदारी गुन्हा राहिला नाही, म्हणून लोकांना वाटतं चेकला किंमत उरली नाही. खरं तर परत आलेला चेक आता थेट अंमलबजावणी न्यायालयात नेता येतो, आधी दावा जिंकायची गरज नाही. मी स्वतः एकदा असे पैसे सोडवलेत. आणि गिऱ्हाइकाचं ट्रेड लायसन्स चालू आहे का, हे ऑर्डर घेण्याआधी बघा. ते संपलेलं असलं तर दुकानावर पाटी असली तरी माल पाठवू नका.

अण्णा, त्याचं नाव इथं टाकू नका, मला वेगळं कळवा. दुकान चालू आहे की नाही ते मी बघून येतो.

सीए_नवीपेठ

हे फार उपयोगाचं आहे. दुकान बंद असलं तर त्याचा फोटो आणि लायसन्सची स्थिती राइट-ऑफच्या अर्जाला लागेल. अण्णा, एक कबूल करतो. मर्यादा वाढवायला माझा विरोध कायम आहे, पण वसुलीची कारवाई चालू असल्याचा पुरावा दिला तर ड्रॉबॅकची वसुली तेवढा काळ थांबावी, ही तुमची दुसरी मागणी मला रास्त वाटते.

टॉवेलवाला_एमआयडीसी

तेवढं झालं तरी आमच्यासारख्यांचा श्वास मोकळा होईल. वकीलसाहेब, एक विचारायचं राहिलं. गेल्या महिन्यात दुबईहून कुरिअरनं जाड लिफाफा आला. अरबी कागद, मागं इंग्रजी. हलक्या मालामुळे नुकसान झालं म्हणून त्यानंच माझ्यावर तिथं दावा लावलाय असं दिसतं. आपण इथं सोलापुरात, तो काय करणार, म्हणून ठेवून दिला.

वकील_जिल्हान्यायालय

ठेवून देऊ नका. जानेवारी 2020 मध्ये केंद्रानं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली यूएईला अधिसूचित केलंय. तिथला हुकूमनामा आता आपल्या जिल्हा न्यायालयात थेट दरखास्तीला, म्हणजे अंमलबजावणीला, येतो, जणू इथंच झालाय. तुमचे लूम, शेड, बँक खातं त्यात येऊ शकतं.

त्याच संहितेच्या कलम 13 चे बचाव आहेत. 2001 मध्ये इंटरनॅशनल वूलन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की पुरावा न बघता दिलेला एकतर्फी हुकूमनामा गुणदोषांवर दिलेला धरता येत नाही. पण तिथल्या न्यायाधीशानं त्याचे कागद आणि तो तीन पट्ट्यांचा फोटो बघून निकाल दिला, तर हा बचाव लंगडा पडेल. आणि तुमची पाच पट्ट्यांची बॉर्डर तिथं दाखवायला कुणीच नसेल. समन्स रीतसर कायदा मंत्रालयामार्फत, आपल्या न्यायालयातून यायला हवं, कुरिअरनं नव्हे. हा मुद्दा आपल्या बाजूचा आहे, पण त्याच्यावर विसंबून घरी बसू नका. पुढची तारीख काय आहे?

टॉवेलवाला_एमआयडीसी

खण उघडून बघितला. इंग्रजी पानावर या महिन्याची 24 आहे.

वकील_जिल्हान्यायालय

म्हणजे नऊ दिवस. उद्या सकाळी 10 वाजता कोर्टाच्या आवारात या. कागद, तुमच्या मालाचा नमुना आणि लिफाफासुद्धा आणा. फाटलेला असला तरी चालेल, त्यावरचा कुरिअरचा शिक्का हवाय.