लिओनिडासच्या डावीकडचा तो भालेकरी

फ्रेंच चित्रकार दाविदच्या 'थर्मोपिलीतील लिओनिडास' या चित्रात ग्रीसमधल्या स्पार्टाचा राजा लिओनिडास आणि त्याचे सैनिक पर्शियन फौजेशी शेवटची लढाई लढायच्या आधी नग्न दाखवलेत. ही नग्नता म्हणजे मृत्यूची भीती संपल्याची खूण, असं या चित्रावरच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय ते पटलं. पण सगळी चर्चा मधल्या राजावरच अडकलीये. चित्राच्या डाव्या बाजूला बघा. एक जण भाला उगारून निघालाय, पण त्याला दुसऱ्याने धरून चालवलंय. तो युरिटस. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की त्याचे आणि अरिस्टोडेमसचे डोळे आले होते, म्हणून लिओनिडासने दोघांना छावणीतून परत पाठवलं होतं. युरिटसने चिलखत मागवलं आणि आपल्या हेलॉटला, म्हणजे गुलामाला, रणापर्यंत न्यायला सांगितलं. तिथे पोहोचवून गुलाम पळाला, युरिटस लढता लढता मेला. अरिस्टोडेमस घरी परतला, तर स्पार्टात त्याच्याशी कुणी बोलेना, चुलीसाठी विस्तवसुद्धा देईना. मला तरी राजाच्या वरच्या दिशेला लागलेल्या नजरेपेक्षा हा चाचपडत जाणारा माणूस जास्त हलवून जातो.

त्याच बाजूला वर एक सैनिक तलवारीच्या मुठीने कड्यावर अक्षरं कोरतोय. हा मृतांचा स्मृतिलेख. प्रत्यक्षात तो लढाईनंतर लागला, दाविदने मात्र तो मरायच्या आधीच कोरायला लावला. १७९९च्या सुमारास सुरू केलेलं हे चित्र पूर्ण झालं १८१४मध्ये, नेपोलियनच्या शत्रूंच्या फौजा पॅरिसमध्ये शिरल्या त्याच वर्षी. हरलेल्यांचं चित्र कशाला काढतोस, असं नेपोलियनने त्याला आधी विचारलं होतं म्हणतात.