मदत हवी आहे : लाकडाचा गॅसिफिकेशन बॉयलर धूर ओकतोय, डांबर गळतंय

रबाळे_लाँड्री : बॉयलर मे महिन्यात झकास चालला. आता धुराड्यातून पिवळट धूर, वरच्या दाराच्या कडेने डांबर, पाणी ५५ डिग्रीच्या वर जात नाही. शेजारचा गाळेवाला रोज भांडायला येतो. ब्लोअर बदलू का? लवकर सांगा, उद्या हॉस्टेलच्या दीडशे चादरी आहेत.

जुना_फिटर : लाकूड कोणतं? किती ओलं? ठेवता कुठे? रिटर्न, म्हणजे फिरून बॉयलरकडे परत येणारं पाणी, किती डिग्रीला येतं?

रबाळे_लाँड्री : साधंच, वखारीतलं. ब्लोअरचं सांगा ना.

घोडबंदरवाला : धुराडं पाच फूट वाढवा. आमच्या हॉटेलच्या भट्टीचा धूर त्यानेच गेला.

जुना_फिटर : गेला नाही, वरच्या मजल्यावर गेला. आणि ही भट्टी नव्हे, यात जाळ उलटा, खाली जातो. वरच्या कप्प्यात लाकूड बेताच्या हवेवर धुमसतं, त्याचा वायू पंखा, म्हणजे तुमचा ब्लोअर, नोझलमधून (दोन कप्प्यांमधल्या फटीतून) खाली ओढतो, तिथे दुसरी हवा मिळाली की तो हजारेक डिग्रीला जळतो. धूर म्हणजे न जळलेलं सरपणच हो. लाकूड ओलं असलं की आच पाणी उडवण्यात जाते, नोझल तापत नाही, वायू तसाच बाहेर. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. ताज्या तोडीत निम्मं पाणीच असतं.

सूर्यभक्त : हे सगळं सोडा, गच्चीवर सोलर बसवा.

जुना_फिटर : जुलैत?

वाशीची_पाववाली : अवांतर. मुंबईतल्या बेकऱ्यांना हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळसा सोडायला सहा महिने दिले, तेव्हापासून पाव घशाखाली उतरत नाही. नवी मुंबईत लाकडाच्या भट्टीचा कडक पाव कुठे मिळतो?

कोपरखैरणे_सात : फिटरभाऊ लाकडावरच अडलेत. ६० च्या खालचं पाणी परत आलं की आतल्या पत्र्यावर धुराला घाम फुटतो, तोच आंबट घाम पत्रा खातो. थर्मल व्हॉल्व्ह आहे का, परतीच्या पाण्यात गरम पाणी मिसळणारा? बफर टाकी, गरम पाणी साठवायची? धुलाई थांबली की हवा दाबून बॉयलर कोंडत असाल तर डांबर होणारच. पूर्ण जाळा, उष्णता टाकीत साठवा, बॉयलरच्या दर किलोवॅटला टाकीचे ५० लिटर धरा.

जुना_फिटर : व्हॉल्व्ह नंतर. आधी ओंडका फोडा आणि आतल्या तोंडावर ओलाव्याचा मीटर टोचा. साल सुकी दिसते, गाभा नसतो.

रबाळे_लाँड्री : फोडला. बाभूळ असावी. बाजूच्या प्लायवाल्याचा मीटर ३६ दाखवतोय. लाकूड मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली असतं, खालून पाणी वाहतं. रिटर्नचा पाइप कोमट लागला. टाकी होती, पण जूनमध्ये गळायला लागली म्हणून बायपास केली.

कोपरखैरणे_सात : टाकी बायपास केली हे आत्ता सांगताय?!

जुना_फिटर : दोघंही बरोबर निघालो म्हणायचं. उद्यापुरतं पॅकिंगच्या पेट्यांचं सुकं लाकूड फोडून जाळा. प्लाय नको, रंगवलेलं नको. टाकीचा वेल्डर आजच बोलवा.

रबाळे_लाँड्री : पेट्या आहेत. खिळ्यांसकट टाकल्या तर चालेल? काढायला वेळ नाही.

जुना_फिटर : खिळे राखेत उरतात, नोझलच्या फटीत अडकतात. काढा.