सॉकेट तोच, तरी पीसी चालू होईना: प्रोसेसर बदलावा की बोर्ड?

वर्तकनगरकर
घरचा पीसी २०१६ चा आहे. इंटेलचा आय३-६१०० प्रोसेसर, एच११० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅम. बायको त्यावर लग्नपत्रिका आणि सोसायट्यांच्या अहवालांचं डीटीपी करते. कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरची मोठी फाइल उघडायची म्हणजे तिला नुसतं बसून राहावं लागतं. म्हणून गेल्या महिन्यात लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला, आठव्या पिढीचा आय५-८४०० आणला. दुकानदार म्हणाला, "तुमचं ११५१ सॉकेट आहे ना, मग बसणार." सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. बसलाही. खाचा जुळल्या, दांडी खाली आली, पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच. रॅम दोनदा काढून, पुसून लावली. जुना आय३ परत घातला तर लगेच सुरू!

नंतर समजलं की आठव्या पिढीत पिनांची संख्या ११५१ च ठेवली, पण त्यातल्या काहींची कामं बदलली. त्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप, लागतो. एच११० वर सहावी नाहीतर सातवी पिढीच चालते. दुकानदार पैसे परत द्यायला तयार नाही, बदलून देतो म्हणतो.

माझं मत असं की बदल्यात सातव्या पिढीचा आय७-७७०० घ्यावा. बायॉस, म्हणजे बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर, अपडेट केलं की तो याच बोर्डावर चालतो, विंडोज आणि फॉन्ट जागच्या जागी राहतात. धडधाकट बोर्ड भंगारात का घालायचा?

घणसोली_लोकल
दादा, ७७०० अजिबात घेऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनच नावं आहेत. ज्या सॉकेटचा रस्ता पुढे बंद आहे तिथे पैसे घालायचे कशाला? तुमच्या हातात ८४०० आहे, सहा कोअरचा, यादीत बसणारा. तो ठेवा आणि वापरलेला एच३१० बोर्ड शोधा. रॅम तीच चालेल, पंखाही तोच बसेल. फक्त घेताना मोबाइलचा टॉर्च सॉकेटवर तिरका धरून बघा. इंटेलच्या या पिना बोर्डावर असतात आणि एक जरी वाकलेली असेल तर त्या ओळीत तिथेच प्रकाश वेगळा पडतो. दिसली तर बोर्ड घेऊ नका.

नौपाडा_डीटीपी
घणसोलीकरांशी असहमत. मी हेच काम करते. बोर्ड बदलला की पीसीबरोबर आलेल्या विंडोजचं ॲक्टिव्हेशन जातं, सगळं पुन्हा बसवायला लागतं, आणि लग्नसराईत दोन दिवस काम बंद म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे गेलंच. वापरलेल्या बोर्डाला वॉरंटी कोण देतं?

पण वर्तकनगरकर, तुमचंही पटत नाही. प्रोसेसरच कमी पडतोय हे ठरवलं कोणी? फाइल उघडताना टास्क मॅनेजर बघा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल तर ७७०० घालूनही वहिनी तशाच बसून राहतील.

कळवा_खाडी
जुना बोर्ड म्हणजे वाया, हा नियम करू नका. माझा एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचा बी३५० बोर्ड २०१७ चा. रायझन ३ १२०० काढून रायझन ५ ५६०० घातला, आज विंडोज ११ चालतंय. मात्र बायॉस आधी अपडेट करायचं, जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच. नवा घालून मग करायला गेलात तर बहुतेक बोर्डांवर काहीच दिसणार नाही. आमच्याकडे पावसात लाइट जाते, अपडेट अर्धवट राहू नये म्हणून शेजाऱ्यांचा यूपीएस आणून केलं.

पंखा काढताना मी चुकलो. प्रोसेसर आणि पंख्यामधली पेस्ट वाळलेली होती, सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून पंख्याला चिकटून बाहेर आला. एएमडीच्या या पिना प्रोसेसरलाच असतात. कोपऱ्यातली एक वाकली, ती रिकाम्या पेन-पेन्सिलीच्या टोकात धरून हळूहळू सरळ केली. हात थरथरत होते. तुम्ही आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करा आणि पंखा डावीउजवीकडे फिरवत सोडवा.

घणसोली_लोकल
एएमडीचं मान्य. पण इंटेलच्या एच११० ला ती सोय नाही आणि प्रश्न त्याच बोर्डाचा आहे.

वर्तकनगरकर
ताई, आत्ता बघितलं. फाइल उघडताना डिस्क सतत १००, सीपीयू ४० च्या आसपास. हार्ड डिस्क २०१६ चीच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शनिवारी दुकानात जातो. ८४०० च्या बदल्यात साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, देतो का विचारतो, ती पुढे कुठल्याही बोर्डावर चालेल.

घणसोली_लोकल
एसएसडी जरूर घ्या, पण ८४०० देऊ नका. लग्नसराई संपली की बोर्ड बघू, नेरुळच्या एका मित्राकडे एच३१० पडून आहे, त्याला विचारतो.

नौपाडा_डीटीपी
आधी सगळ्या फाइलींचा बॅकअप घ्या. नऊ वर्षांहून जुनी डिस्क आहे, शनिवारपर्यंत थांबू नका.