मैत्री गाण्याच्या शब्दांत असते की साथीत?

शिवाजीपार्ककर
मैत्रीदिनानिमित्त लिहितो. ‘शोले’तल्या मोटारसायकलवरच्या गाण्याने मैत्री म्हणजे काय ते सांगून टाकलं. १९७५ पासून त्याच्या तोडीचं दुसरं झालं नाही. काल दादरला आमच्या कराओके ग्रुपने शेवटी तेच घेतलं, साठीचे लोक रडत होते. संगीतातून मैत्री समजून घ्यायची तर अशी गाणी ऐका. शास्त्रीय बैठकीत नुसता अहंकार बघायला मिळतो.

नगमेवाला
शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तबल्याच्या सोलोला पेटी धरली आहे का कधी? तीनतालाचा नगमा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी छोटी धून, तीच ती, तासभर. हरकत घ्यायची नाही, मुरकी घ्यायची नाही, तबलजीने नजरेने सांगितल्याशिवाय लय चढवायची नाही. समोरचा पेशकार, कायदे, रेले अशा तबल्याच्या रचना वाजवत हवा तिकडे फिरून येतो, कारण तुम्ही जागचे हलणार नाही याची त्याला खात्री असते. टाळ्या सगळ्या त्याला. पोस्टरवर पेटीवाल्याचं नाव असलंच तर खाली बारीक अक्षरात, आणि मानधन विचारू नका. यात अहंकार कुठे दिसला तुम्हाला?

गिरगावात एका गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात तबल्यावरचा माझा मित्र मोठ्या तिहाईत अडकला, म्हणजे तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपवायच्या तुकड्यात. मी नगम्याचा शेवटचा तुकडा थोडा ठळक वाजवला, तो पुढच्या समेवर नीट उतरला. प्रेक्षकांत कुणाला पत्ताही लागला नाही. उतरल्यावर तो त्यावर एक शब्द बोलला नाही, मीही नाही. आम्ही आजही एकत्र वाजवतो.

आणि सिनेमाचंच बोलायचं तर १९६४ चा ‘दोस्ती’ घ्या. लक्ष्मीकांत-प्यारेलाल तेव्हा नवे. त्यातला माऊथ ऑर्गन वाजवलाय राहुलदेव बर्मनने, ज्याचा स्वतःचा संगीतकार म्हणून पहिला सिनेमा १९६१ ला येऊन गेला होता. म्हणजे उद्याच्या स्पर्धकांच्या रेकॉर्डिंगला हा माणूस वादक म्हणून जाऊन बसला. तुमच्या ‘शोले’च्या गाण्याला चाल देणारा हाच. मैत्री त्या माऊथ ऑर्गनमध्ये जास्त आहे, मोटारसायकलवर कमी.

शिवाजीपार्ककर
तुमचं वाजवणं मोठं असेल. पण ज्यांना वाजवता येत नाही त्यांनी काय करायचं?

माझे वडील आणि त्यांचा लालबागचा मित्र कापड गिरणीत एकाच खात्यात होते. १९८२ चा गिरणी संप सुरू झाला. पुढे मित्राच्या घरी खायचे वांधे झाले, तो कामावर परत गेला, वडील गेले नाहीत. एका चाळीत राहून दोघांनी कित्येक वर्षं तोंड बघितलं नाही. नंतर चाळीतल्या एका लग्नात ऑर्केस्ट्रावाल्याने हेच गाणं सुरू केलं. मित्र उठून वडिलांच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि दोघं गायला लागले. बेसूर. त्या पिढीतला पुरुष मित्राला ‘माझं तुझ्यावाचून अडतं’ असं तोंडाने म्हणणार नव्हता. किशोर आणि मन्ना डे यांनी ते म्हणून ठेवलं होतं, म्हणून जमलं. तुमच्या नगम्याने हे झालं असतं का?

नगमेवाला
नसतं झालं. मान्य. पण त्या लग्नात शब्द त्यांना आधीपासून पाठ होते. मित्र उठून आला, हे महत्त्वाचं.

जुनी_तबकडी
शंकर-जयकिशन विसरलात. दोघांत दुरावा आला होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी १९७१ ला जयकिशन गेल्यावर शंकरने शेवटपर्यंत जोडीच्याच नावाने संगीत दिलं. भांडणानंतरही नाव राखलं, ही मैत्रीच.

सोबतीण
जय-वीरू, शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल. बायकांना मैत्रिणी नसतात का? जात्यावर समोरासमोर बसून दोघी दळायच्या, एकीने ओवी सुरू केली की दुसरीने उचलायची. सासरचं जे कुणाला सांगता येत नव्हतं ते त्या ओवीत यायचं. माझ्या आजीला तिच्या सोबतिणीच्या ओव्या स्वतःच्या ओव्यांपेक्षा जास्त पाठ होत्या. शब्द की साथ असा वाद तुम्ही घालताय, तिथे दोन्ही एकाच दमात होतं. कुठल्या पोस्टरवर दोघींपैकी कुणाचंच नाव नाही.

बदलापूरकर
ताईंशी सहमत. आणि एवढं लांब कशाला जायचं, सकाळच्या सीएसएमटी फास्ट लोकलमधलं आमचं भजन ऐका. मी टाळकरी. बुवा बँकेत शिपाई, पखवाजवाला मंत्रालयात, कोरसला सोनाराकडचा कारागीर आणि एक वकीलसाहेब. डब्याबाहेर या माणसांची कधी गाठ पडली नसती. वकीलसाहेबांचा आवाज फुटका आहे, पण त्यांना कोरसमधून काढा असं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त द्यायला अख्खं मंडळ परळला आलं. नातेवाईक नंतर आले. वारीत टाळकरी एकमेकांच्या पाया पडतात, लहानमोठा बघत नाहीत. तेच आम्ही डब्यात करतो. दसऱ्याला डबा सजवतो, पूजा करतो. खरी मैत्री बघायची तर तिकीट काढा आणि चढा.

रात्रपाळी
चढतो ना, रोज चढतो. अंबरनाथ एमआयडीसीत रात्रपाळी करून भांडुपला घरी जातो. डब्यात रुमाल टाकून जागा धरलेल्या असतात. ‘आमचा माणूस कल्याणला चढणार आहे.’ का? तिकीट मीही काढलंय. रात्रभर मशीनवर उभा राहून मी पुन्हा उभा, कानाशी पखवाज. विनंती केली तर म्हणतात, देवाचं नाव घेतो, तुम्हाला त्रास होतो? तुमची मैत्री बारा जणांची, त्रास शंभर जणांना. हे संगीत नाही, दादागिरी आहे.

बदलापूरकर
दादागिरी शब्द मागे घ्या. मोबाइलवर मोठ्याने रील लावणाऱ्यांना तुम्ही बोलत नाही, टाळ मात्र खुपतात. आमच्या बापजाद्यांनी हेच अभंग गात या शहरात दिवस काढले.

रात्रपाळी
रीलवाल्यांनाही बोलतो. एकाशी कॉलर धरेपर्यंत गेलंय. आणि बापजादे माझेही वारकरीच. आजोबा पंढरीला चालत गेले, त्यांनी कुणाची जागा अडवली नाही.

हार्बर_लाइन
दोन तासांचा प्रवास, बसायला जागा नाही, त्यात माणसं गातात हेच खूप आहे. गाड्या वाढवा असं रेल्वेला सांगा, भजनवाल्यांवर कशाला घसरता?

रात्रपाळी
गाड्या वाढतील तेव्हा वाढतील. मला उद्या सकाळी झोप हवीय.

नगमेवाला
बदलापूरकर, मी तुमच्याच बाजूचा, तरी बोलतो. साथीचं पहिलं काम समोरच्याचं ऐकणं. डब्यात थकलेला माणूस समोर उभा आहे आणि तो मंडळाला दिसत नसेल, तर तुमच्या बारा जणांचा ठेका कितीही पक्का असो, साथ चुकते आहे. रक्त दिलंत ते मंडळातल्या माणसाला. जागाही मंडळातल्याच माणसाला. मैत्री तिथे संपते का?

बदलापूरकर
बसून बोलायला सोपं आहे. आमचे दोन टाळकरी सत्तरीचे आहेत, एकाचा गुडघा गेलाय. जागा धरली नाही तर ते येणारच नाहीत, आणि घरी बसले की खचतात, हे आम्ही एकाच्या बाबतीत पाहिलंय. तेव्हा आपल्या माणसासाठी जागा धरण्याची लाज मला वाटत नाही.

सोबतीण
सत्तरीच्यांना धरा. पन्नाशीच्या धडधाकटांना कशाला? आमच्या लेडीज डब्यातही गाणी होतात. पोटुशी बाई चढली की गाणारी उठते, गाणं चालूच राहतं.

शिवाजीपार्ककर
माझा विषय कुठल्या कुठे गेला. तरी एक कबूल करतो, बैठकीबद्दलचं ते वाक्य फार सरसकट होतं. गाण्याबद्दलचं मत तसंच ठेवतो.

रात्रपाळी
सत्तरीच्या माणसाला माझी जागाही देईन, त्यासाठी रुमाल लागत नाही. पखवाज कल्याणपर्यंत बंद ठेवा, तेवढ्यात मला डुलकी लागते, मग खुशाल वाजवा.

बदलापूरकर
कल्याणपर्यंत नुसत्या टाळांवर हरिपाठ होऊ शकतो. बुवांना विचारतो. ते ऐकतील असं नाही. रुमालांचं सोमवारी काढतो, तरुणांच्या जागा सोडायला हव्यात हे आधीच कुणीतरी बोललं होतं, तेव्हा मीच त्याला गप्प केलं होतं. पण ‘दादागिरी’ अजून मागे घेतलेली नाही तुम्ही.

रात्रपाळी
रुमाल उचलले की घेईन.