लाल फोटोत हिरवं कुठून येतंय? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-५०२: काका, कामाचं विचारायचंय. लेकीचं एमएस्सीचं प्रोजेक्ट चालू आहे, कलिन्याला. पेशींना उजेड टाकला की चमकणारे दोन रंग लावलेत, हिरवा एफआयटीसी आणि लाल रोडामिन. लाल फोटोत हिरव्याचेच धागे उमटतायत. ती लॅबमध्येच बसलीय.

बी-१०३: वहिनी, नुसता एफआयटीसी लावलेली स्लाइड लाल क्यूबखाली, म्हणजे मायक्रोस्कोपमधल्या लालसाठीच्या फिल्टर-संचाखाली, बघायला सांगा. एक्स्पोजर तेवढंच ठेवायचं.

सी-२०१: दुपारी २ नंतर टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा.

ए-५०२: दिसतंय म्हणते. फिकट, पण तेच धागे.

बी-१०३: मग गळतीच ती, हिरव्याचा उजेड लाल फोटोत शिरतोय. एफआयटीसीचा उजेड ५२० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ सगळ्यात जास्त, पण शेपूट ६०० च्याही पलीकडे जातं. क्यूबवर आकडे काय आहेत?

ए-५०२: एक्सायटेशन ५१०-५६०, एमिशन ५९० एलपी.

बी-१०३: तरीच. एक्सायटेशन म्हणजे रंग पेटवायला टाकलेला उजेड, एमिशन म्हणजे रंगातून परत येणारा. एलपी (लाँग पास) म्हणजे ५९० च्या पुढचं सगळं आत. पण खरी मेख एक्सायटेशनला आहे. ५१० ला एफआयटीसी अजून चांगलाच उजेड शोषतो, म्हणजे लाल फोटो काढताना आपणच हिरवा पेटवतोय. सगळे एमिशन फिल्टरच बदलत बसतात, मी आधी एक्सायटेशन बघतो. ५४०/२५ घ्या, म्हणजे साधारण ५२८ ते ५५२. एमिशनला ६०५/५५. गळती पूर्ण थांबणार नाही, पण बरीच कमी होईल.

सी-२०१: फोटो एडिट करून लाल कमी केलं तर?

बी-१०३: नको! खरं लालही तेवढंच कमी होईल. आणि अंदाजाने पुसलेला फोटो पुरावा म्हणून दाखवायचाच नाही.

बी-१०३: वहिनी, अजून एक. गळती मुख्यतः हिरव्याकडून लालकडे होते. म्हणून जे प्रोटीन भरपूर आहे त्याला लाल लावायचं, कमी असलेल्याला हिरवा. पुढच्या वेळी रोडामिनऐवजी टेक्सास रेड घेतला तर अजून बरं, तो ६१५ च्या आसपास चमकतो. त्याला ५६०/४० ने पेटवलं की एफआयटीसी जवळजवळ गप्प बसतो. क्यूब मात्र त्याचा वेगळा लागेल.

ए-५०२: शेजारच्या लॅबमध्ये ५४०/२५ आहे म्हणे. फिल्टर काढून आणू का, विचारतेय.

बी-१०३: सुटा नको, डायक्रोइक आरशासकट (काही रंग परतवणारा, काही आरपार सोडणारा) अख्खा क्यूब मागायला सांगा. आणि काहीच न लावलेली एक स्लाइडही बघायची, पेशी स्वतःही थोड्या चमकतात.