पॉइंट टूटू (.२२) रायफलला महागडी मॅच गोळी, म्हणजे स्पर्धेची गोळी, लागतेच का?

प्रोनवाल्या पोरीचा बाप: मुलगी दीड वर्ष ५० मीटर प्रोन (झोपून नेमबाजी) करतेय, आणि रेंजवर जो तो सांगतो की सरावाची गोळी सोड, टॉपची मॅच गोळी घे. म्हणून क्लबातून तीन प्रकारच्या गोळ्या घेतल्या, तिच्याच रायफलमधून पाच-पाच मारल्या, तर मधल्या किमतीच्या गोळीचा ग्रुप (छिद्रांचा पसारा) सगळ्यात लहान आणि महागडीचा त्याच्या दीडपट! माझ्या मते आपण डब्यावरच्या नावाचे पैसे भरतो, बाकी काही नाही.

करवीरकर: काका, पाच गोळ्यांवर निकाल लावता? आणि बॅरल क्लॅम्पमध्ये होतं का पोरीच्या खांद्यावर? हिशोब बघा, टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं, गोळी ५.६, कड रेषेला शिवली तरी दहा, म्हणजे मधापासून ८ मिमी सरकली तरी चालतं. रायफल-गोळीच २० मिमी पसरत असेल तर नेम बरोबर असून नऊ येणार. आपला नेमबाज स्वप्निल कुसाळे पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये ५९० मारून फायनलला गेला, पात्रता फेरीत सातवा होता! तिथे एकेक पॉइंट गोळीने घालवायचा का?

थोडं स्पष्टच: स्वप्निल कुठे, दीड वर्षाची पोरगी कुठे. तिचे आठ येत असतील तर आठ म्हणजे मधापासून १६ मिमीच्याही बाहेर, ते काय गोळीने होतं होय? श्वास, ट्रिगर, स्लिंग (रायफल धरायला हाताला बांधतात तो पट्टा). त्याच पैशात दुप्पट सराव होईल. मीही ह्याच वेडापायी एक अख्खा सीझन घालवलाय.

करवीरकर: दुप्पट सराव मान्य, पण खराब गोळीवर केलेला सराव उलटा शिकवतो, फ्लायर (एखादी भरकटलेली गोळी) गेला की पोरगी स्वतःला दोष देते, नेमच बदलते. आणि खरी गोष्ट ब्रँडची नाहीच, लॉटची (एकाच वेळी बनलेल्या गोळ्यांच्या खेपेची) आहे. एकाच ब्रँडचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगळे जातात, म्हणून मोठे शूटर लॉट टेस्ट करून एकाच नंबरचा साठा घेतात.

नवखा: मग वेगवान गोळी घ्या ना, लवकर पोचेल?

करवीरकर: नको रे! ती आवाजापेक्षा वेगात सुटते आणि वाटेतच त्या वेगाखाली येते, तिथे डुगडुगते. मॅच गोळी मुद्दाम पहिल्यापासूनच आवाजाच्या वेगाखाली ठेवतात.

थोडं स्पष्टच: एक विचारू का काका? महागडी आधी मारलीत की शेवटी?

प्रोनवाल्या पोरीचा बाप: आधी. बॅरल साफ करून.

थोडं स्पष्टच: घ्या! साफ नळीत पहिल्या काही गोळ्या भरकटतात, आतल्या अंगाला मेण-वंगण बसलं की मग जागेवर येतात. तुमच्या महागडीने नळी तयार केली आणि क्रेडिट घेतलं मधल्या गोळीने. हे मी करवीरकरच्या बाजूने बोलतोय असं समजू नका.

प्रोनवाल्या पोरीचा बाप: आयला. रविवारी उलट्या क्रमाने मारतो, दहा-दहा, क्लॅम्पवर. पण महागड्या डब्याचे पैसे तुम्ही दोघं मिळून भरा.